देवळालीत पेशी बसली

सत्यशीला मॅडमनी जाहीर करून टाकलं होतं की यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात त्या पाहुण्यांना पेशीच्या आत बसवणार. देवळाली प्रवरातल्या त्यांच्या शाळेत आजवर पेशी म्हणजे फळ्यावरचं हाफ-फ्राय अंडं. मध्ये पिवळा गोळा, भोवती पांढरं. त्या अंड्याला मॅडम पार विटल्या होत्या.

"सर, पेशीला आतून सांगाडा असतो," त्या हेडमास्तर वाकचौरे सरांना समजावत होत्या. "दोऱ्यांसारखे तंतू असतात. आणि आपल्या बहुतेक पेशींवर एकच बारीक केस असतो. बाहेरची खबर तो आत आणतो. गंमत अशी, की आतल्या दोऱ्या ताठ असल्या तर केस उगवत नाही. जरा सैल पडल्या, की येतो वर."

"आणि हे दिसणार कसं?"

"मांडव घालू."

सरांना ज्वालामुखी हवा होता. तो दरवर्षी असे. सोडा टाकला की फसफसे, पाहुणे टाळ्या वाजवून चहाला जात. "घाला मांडव," ते नाइलाजाने म्हणाले. "पण फजिती झाली तर पुढच्या वर्षीपासून प्रदर्शनच बंद."

मॅडम हसल्या. फजिती हा शब्द त्यांना फक्त इतरांच्या बाबतीत ठाऊक होता.

मांडववाल्या शाहबाजने मैदानावर गोल मांडव उभा केला. आत छताखाली पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं ताणून बांधलं. मधोमध मॅडमच्या घरची गादी टाकली, ते पेशीचं केंद्रक. छताला एक भोक ठेवलं आणि लाल फडकं बांधलेला लांब बांबू गादीजवळ आडवा ठेवला.

"मी माइकवरून सांगितलं की तुम्ही आतल्या दोऱ्या सैल करायच्या आणि भोकातून बांबू वर घालायचा," मॅडम म्हणाल्या. "मग काहीही झालं तरी बांबू सोडायचा नाही."

"नाय सोडत मॅडम," शाहबाज म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक म्हणून नगरहून प्राध्यापिका धनश्री गुंजाळ आल्या. त्यांना आणि वाकचौरे सरांना मॅडमनी मानाने पेशीत नेऊन बसवलं. केंद्रकावर आधीच मॅडमच्या सासूबाई झुंबरबाई मांडी घालून बसल्या होत्या. त्या नातीला डबा द्यायला आल्या होत्या, पण बाहेर ऊन लई होतं.

"आत्या, ते केंद्रक आहे," मॅडम कुजबुजल्या.

"आसू दे. मऊ हाय."

मॅडम बाहेर आल्या, माइक हातात घेतला. भोवती अख्खी शाळा बसलेली. "मुलांनो, आत्ता पेशी ताणलेली आहे. म्हणून केस नाही. आता आपण तणाव सैल करू."

आत शाहबाजने दोऱ्या सैल केल्या, भोकातून लाल फडक्याचं टोक डोकावलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण मांडवाच्या बाहेर शाहबाजचे दोन गडी उभे होते. मांडव ज्या दोरांनी खुंट्यांना बांधतात, त्यांना ते तणावे म्हणतात. कर्ण्यातून त्यांना ऐकू आलं, तणावे सैल करा. मॅडमच सांगतायत म्हटल्यावर त्यांनी एकेक सैल केला.

छत थोडं खाली आलं. आत गुंजाळ मॅडम खूश झाल्या. "वा, पेशी आकसते तेही दाखवलंय."

वाकचौरे सरांना काही कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी जोरात मान हलवली.

बाहेर टाळ्या वाढल्या तसा मांडवाकडे पाठ केलेल्या मॅडमना हुरूप आला. "आणखी तणाव सोडा. पूर्ण सोडा."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पूर्ण सोडले.

मांडव एखाद्या दमलेल्या म्हशीसारखा सावकाश बसला. धूळ उडाली. कापड जमिनीला टेकलं, त्याच्याखाली दोन-तीन उंचवटे इकडून तिकडे सरकू लागले. आणि मधोमध, आकाशात ताठ, लाल फडकं फडकवत, बांबू उभा होता. शाहबाज शब्दाला पक्का.

मॅडमनी वळून पाहिलं. पण माइक चालू होता आणि सवय दांडगी होती. "हा पाहा," त्या म्हणाल्या, "उगवला."

मग मात्र त्या धावल्या. पोरींनी कापडाच्या कडा उचलून धरल्या. आधी झुंबरबाई बाहेर आल्या, गादीसकट. मागून गुंजाळ मॅडम आल्या, चष्मा कपाळावर आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. "बाई, मी हे आयुष्यभर आकृतीवरून शिकवलं. आत अडकले आजच."

वाकचौरे सर सापडेनात. उंचवटे संपले, तरी सर नाहीत. अखेर ते खिचडीच्या खोलीमागून कपडे झटकत आले. अंधारात उलट्या दिशेला रांगत गेले होते. मॅडम मान खाली घालून उभ्या राहिल्या. सरांनी बसलेल्या मांडवाकडे पाहिलं, हसून बेजार झालेल्या पोरांकडे पाहिलं. ज्वालामुखीला एवढी गर्दी कधी थांबली नव्हती.

"पुढच्या वर्षी," सर म्हणाले, "लोखंडी पाइप लावा."

पहिला क्रमांक सौरचुलीला गेला. पेशीला उत्तेजनार्थ मिळालं, सोबत परीक्षकांना बाहेर बसवण्याची सूचना. मॅडम घरी आल्या तेव्हा झुंबरबाई ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या.

"अगं, आपल्या अंगात बारीक बारीक मांडव आसत्यात. आत दोऱ्या. त्या लई आवळल्या तर केस उगवत न्हाई, जरा सैल केल्या की उगवतो."

मॅडमचा ऊर भरून आला. वर्गात इतकं नेमकं एकानेही सांगितलं नव्हतं.

"आन पार सोडल्या तर?" शेजारणीने विचारलं.

"पार सोडल्या," झुंबरबाई म्हणाल्या, "तर हेडमास्तर घावत न्हाई."