आली का तक्रार?

ज्ञानोबाभाऊंनी मला पहिला चिमटा काढला, तेव्हा आमची धड ओळखही झालेली नव्हती. कासारवाडीच्या चाळीत मी नुकताच राहायला आलो होतो. ट्रंक धरायला शेजारचा एक गडी पुढं आला. मी आभार मानणार, तोच त्यानं माझ्या दंडाला असा करकचून चिमटा घेतला की मी "आई गं!" म्हणून ट्रंक सोडली. ती माझ्याच पायावर पडली.

"आली का तक्रार?" तो आनंदानं म्हणाला. "दोन ठिकाणांवनं आली. लाइन चालू हाय राव तुमची!"

भाऊ मूळचे मोशीचे. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी लागलो, तिथंच लेथवर, आणि युनियनच्या गेट-मीटिंगला सगळ्यांत पुढं. शरीराचं कामकाज त्यांना एका डॉक्टरनं एकदाच समजावलं होतं, ते त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. "डोकं म्हंजी म्यानेजमेंट, हात-पाय म्हंजी कामगार. वरनं हुकूम जातो, खालनं तक्रार येती. हुकमाची तार येगळी, तक्रारीची येगळी. आन् पाठीचा कना म्हंजी गेट, समद्यांनी तिथनंच जायचं."

हा माणूस घडीभर स्वस्थ बसेल तर शपथ. बसच्या रांगेत पाय हलव, जेवताना बोटांची उघडझाप कर. कँटीनचा बाक त्यांच्यामुळं सतत हादरायचा, चहा बशीत सांडायचा. "भाऊ, पाय आवरा हो," मी वैतागून म्हणायचो. "हुकूम पोचतोय का बघतुय," असं म्हणून ते पुन्हा सुरू. एकदा सुपरवायझरलाच चिमटा काढला. तो ओरडला तर म्हणे, "सायेब, तुमीबी कामगारच की!" माणूस मला अर्धवट वाटायचा, आणि खरं सांगायचं तर आवडायचाही.

त्यांची बायको, इंदूवहिनी, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. डावा पाय हलायचा नाही, त्याला काही कळायचंही नाही. पाय दुखायला लागला तर थोडी आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून भाऊ रोज कामावर निघताना त्या पायाला चिमटा काढत. आतून आवाज यायचा, "आवं, लागतंय की!" आणि भाऊ "आली तक्रार!" म्हणत नाचत बाहेर. चाळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

एके सकाळी मी त्यांचा पेपर परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसले, तोच त्यांची टोपी खाली पडली. ते वाकले. दोन्ही हात टोपीला.

"आवं, लागतंय की!" वहिनी म्हणाल्या.

भाऊ क्षणभर वाकलेलेच राहिले. मग त्यांनी सावकाश टोपी घातली, दारात मला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आली, आली तक्रार!"

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "बोलू नगा. मला पयल्यापास्नं ठावं हाय."

"मग रोज चिमटा कशाला काढता?"

"मी हसत कामावर जावं म्हणून वरडती ती. चिमटा बंद केला, तर मला कळलं, हे तिला कळंल न्हवं का?"

पाळीचा भोंगा झाला. भाऊ जागचे हलेनात. त्यांचे पाय इतके स्वस्थ मी कधीच पाहिले नव्हते. मी दंड पुढं केला.

त्यांनी चिमटा काढला. बोटांत जोरच नव्हता. मी मात्र अख्खी चाळ गोळा होईल इतक्या मोठ्यानं ओरडलो.