कुलपाआडचे चाळीस रुपये

तुळजाबाईंनी मकबूलच्या बेकरीत पाव आणि खारी घेतली, काउंटरवरच्या क्यूआर कोडसमोर मोबाइल धरला, चाळीस रुपये पाठवले आणि पिशवी उचलली. मकबूलचा, पैसे आले की सांगणारा डबा मुकाच राहिला. आवाज आला तो भिंतीपलीकडून. "चाळीस रुपये प्राप्त झाले," एक बाई संथपणे म्हणाली आणि तिच्यामागे पितळेची भांडी बारीक झणझणली.

भिंतीपलीकडे भीमाशंकरचं भांड्यांचं दुकान होतं. भीमाशंकर वारून तीन महिने झाले होते आणि शटरला कुलूप होतं.

"मकबूल, आत कोन हाय?"

"कोनी न्हाई, मावशी."

"मग बोलली कोन?"

मकबूलने आपल्या डब्याकडे पाहिलं. "ते मला काय म्हाईत. पर माझ्याकडं तुमचे पैसे आले न्हाईत."

"तीस वर्सं पाव खाल्ला तुझा," तुळजाबाई म्हणाल्या. पिशवी तिथंच ठेवून त्या गेल्या.

औशाच्या या रस्त्यावर पूर्वी बंद दुकान बंदच असायचं. भीमाशंकरचे वडील शिवप्पा ओट्याच्या शहाबादी फरशीवर रुपया आपटून बघत. खणखणला तर खरा, बद्द वाजला तर परत. भीमाशंकरने शेवटच्या वर्षी बोलणारा डबा आणला, तेव्हा फरशीला विश्रांती मिळाली. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, गौरम्माने, तो डबा चार्जरला लावून ठेवला होता. दुकानात काहीतरी तेवत राहावं म्हणून.

चार दिवस हेच चाललं. बेकरीत गिऱ्हाईक पैसे पाठवी आणि आकडा कुलपाआडून येई. दुपारी रस्ता सामसूम असताना तो आवाज अंगावर काटा आणायचा.

"भूत भीमाभाईचं, आन् गळा बाईचा?" मकबूलच्या बायकोने, हसीनाने, त्याला विचारलं.

"मेल्यावर गळा आपला राहत न्हाई."

"मग मोजतो मराठीत कसा? जित्तेपनी तर कन्नडमधी मोजायचा."

दिवाळी तोंडावर होती. पीठ-तूप घेऊन नानकटाई भाजायला येणाऱ्या बायका दरवर्षी याच सुमाराला नंबर लावत. यंदा त्या भुताला भिऊन किंवा मकबूलच्या संशयाला चिडून पुढच्या चौकातल्या भट्टीवर जाऊ लागल्या होत्या. ही दिवाळी गेली, तर पुढचं वर्षही गेलं.

सिद्रामप्पा गुरुजी तेवढे नेमाने येत. रोज साठ रुपयांची नानकटाई. "भूतबीत काही नसतं, मकबूल," ते समजावत. "लोक पैसे गेल्याचं खोटं चित्र दाखवतात. फोनमध्ये तसलं सोंग मिळतं आता. कोणावर विश्वास ठेवू नकोस." एवढं सांगून ते आपल्या फोनवरची हिरवी खूण लांबूनच दाखवत. मकबूल तिकडे पाहतही नसे. छड्या मारून बेरीज शिकवणाऱ्या माणसाचा फोन काय तपासायचा?

पाचव्या दिवशी त्याची मुलगी मनतशा लातूरहून क्लासच्या सुटीत आली. तिने कोड स्कॅन केला आणि फोन काउंटरवर ठेवून हात मागे घेतला.

"अब्बा, इथं नाव भीमाशंकरचाचाचं येऊन राहिलंय."

हसीनाने पदर तोंडाशी नेला. मनतशाने धीर करून एक रुपया पाठवला. "एक रुपया प्राप्त झाला," भिंत म्हणाली.

गौरम्माला किल्लीसकट बोलावलं. शटर वर गेलं. आत, तराजूशेजारी, मकबूलचा कोड उभा होता. नावावर विभूतीचे तीन पट्टे, त्यांच्या खालून 'मकबूल' पुसट दिसत होतं.

गौरम्मा बघतच राहिली. "खंडेनवमीला," ती हळूच म्हणाली.

शिवप्पांच्या काळापासून दोन्ही दुकानांची हत्यारं खंडेनवमीला या ओट्यावर एकत्र पुजली जात. तराजू, हातोडी, मकबूलचं भट्टीचं फावडं. यंदा, पाच दिवसांपूर्वी, दोन्ही कोडही पुजले होते. गौरम्माने भक्तीने दोन्हींच्या नावांवर विभूती फासली, वर झेंडू वाहिला आणि संध्याकाळी ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने उचलला.

"चार दिवस इतक्या लोकांनी पैसे पाठवले," मनतशा म्हणाली, "पन नाव कोनीच वाचलं न्हाई."

"खातं आमच्या दोघांच्या नावचं हाय, मकबूलभाई. उद्या बँकेत जाऊन सगळं तुम्हाला देते," गौरम्मा म्हणाली. मकबूल चार दिवसांनी पहिल्यांदा हसला.

कोड बदलणार तोच गुरुजी आले. "साठची दे," म्हणाले. त्यांनी फोन काउंटरसमोर धरला आणि लांबून हिरवी खूण दाखवली.

या वेळी सगळे भिंतीकडे कान देऊन उभे राहिले. शटर उघडं होतं, डब्याचा दिवा जळत होता. आतून काहीच आलं नाही.

"रेंज नसेल," गुरुजी म्हणाले.

"आत्ताच तर एक रुपया बोलला, गुरुजी," मनतशा म्हणाली.

गौरम्मा खुर्ची ओढून बसली. "थांबू की. आमच्या ह्यांना पहिल्यापास्नंच जरा उशीर लागायचा."



"चार दिवस म्या भिऊन भिऊन एकेक आकडा ऐकलाय," हसीना शांतपणे म्हणाली. "चाळीस आले, पंचवीस आले, एकशेदहा आले. साठ एकदा बी न्हाई."

गुरुजींनी खिशात हात घातला आणि दहा-दहाची सहा नाणी काढली. मकबूलने ती घेतली. ज्यांनी बेरीज शिकवली त्यांच्यासमोर तो मोजायला लाजला. तो ओट्यावर गेला, खाली वाकला आणि एकेक नाणं शहाबादी फरशीवर आपटू लागला.

सहावं खणखणलं, तशी आतली सगळी भांडी आपणहून झणझणली आणि थांबली.

"भीमाला पटलं," मकबूल म्हणाला.

"आज पटलं," गौरम्मा म्हणाली. "मागच्या चार दिसांचं काय, गुरुजी?"