अक्का बोटीवरून उठत नाहीत

“महिनाअखेर बोट पाण्यात! आणि कारागीर एकही लावणार नाही. सगळं मी करणार!”

अक्कांनी हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाऊंनी, नुसते डोळे मिटून घेतले. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांचे मुके फोन बोलते करणाऱ्या बाईला रिटायर झाल्यावर मोडकी शिडाची बोट दिसली, की तिचे हात शिवशिवणारच! बोट वयाने अक्कांहून जेमतेम लहान. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या म्हातारीसारखी ती बोटयार्डात टेकूंवर उभी होती.

सुकाणूजवळच्या बाकाचं लाकूड भुसभुशीत झालं होतं. त्याला एपॉक्सीचा लेप द्यायचा होता. दोन डब्यांतली द्रावणं एकत्र कालवायची, भराभर फासायची आणि त्याचा दगड व्हायच्या आत बाजूला व्हायचं. डब्यावर स्पष्ट छापलं होतं, थोडं थोडं कालवा.

“थोडं थोडं काय? डोळ्यांत घालायचंय का?” असं म्हणून अक्कांनी बादलीभर कालवलं!

बाकाला लेप फासून होतोय न होतोय, तोच बादलीत उरलेलं तापलं आणि भसाभस धुमसायला लागलं. शेजारच्या बोटीवरचे दातांचे डॉक्टर “आग! आग!” ओरडत पाण्याचा पाइप घेऊन धावले. बादली राहिली बाजूला, फवारा थेट अक्कांच्या तोंडावर! अक्का दोन पावलं मागे सरकल्या आणि मटकन खाली बसल्या. नेमक्या त्याच बाकावर.

त्या लगेच उठल्याही असत्या. पण तेवढ्यात शिडीवरून भाऊंचं डोकं वर आलं. खाली यार्डाचे मालक आणि त्यांची क्रेन.

“बघ, काय करून ठेवलंस! हे तुझ्या आवाक्यातलं काम नाही अक्का. मालकांना नव्या बोटींसाठी जागा हवीय. जुन्या बोटी आजच मागच्या खड्ड्यात जाणार. तिथे ना वीज, ना पाणी. काम कसं करणार? विकून टाक ही!”

“शब्द मागे घे.”

“कुठला?”

“आवाक्यातलं नाही म्हणालास तो. तोवर मी इथून उठणार नाही!”

भाऊही त्याच आईचे चिरंजीव. ऊन चढत गेलं. भाऊ शिडीवर, अक्का बाकावर. भांडण बोटीवरून निघालं ते लहानपणी कुणी कुणाची सायकल विहिरीत ढकलली, तिथवर पोचलं! शेवटी मालकच वैतागले.

“बाई, खाली उतरा. वर माणूस असताना क्रेन लावता येत नाही.”

अक्कांनी उठायला जोर लावला. पाय हलले. हात हलले. मधल्या अक्का हलल्या नाहीत!

लेपाचा दगड झाला होता. पण भावासमोर कबूल करायचं? त्यांनी हनुवटी वर केली. “नाही उतरत! काय करायचं ते करा!”

“वा, अक्का!” डॉक्टर ओरडले. “ठिय्या म्हणजे ठिय्या! आम्हीही बसतो!”

बघता बघता यार्डातल्या सगळ्या जुन्या बोटींवर त्यांचे मालक चढून बसले. घोषणा घुमली, “अक्का उठणार नाहीत, बोट हलणार नाही!” यातलं पहिलं निम्मं किती खरं आहे, ते एकट्या अक्कांनाच ठाऊक होतं.

“कसली हट्टी म्हातारी आहे!” यार्डाचे मालक पुटपुटले.

ते भाऊंनी ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. “म्हातारी कुणाला म्हणता हो? माझी बहीण आहे ती!” ते तरातरा उरलेली शिडी चढून बोटीत आले आणि अक्कांच्या शेजारी उभे राहिले. “अक्का, शब्द मागे घेतला. आता तू उठूच नकोस!”

अक्कांचे डोळे भरून आले. थोडे भावामुळे, थोडे बाकामुळे.

मालकांनी सगळीकडे नजर फिरवली. क्रेनवाला केव्हाच जेवायला गेला होता. “बरं बाबा! एकही बोट हलणार नाही. झालं समाधान?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक नाचत खाली उतरले आणि अक्कांना खांद्यावर घ्यायला बोटीभोवती जमले. अक्का जागच्या जागी, राणीसारख्या ताठ.

“आता तरी उठा!” मालकांनी हात जोडले. “का अजून काही मागणी आहे?”

“आहे,” अक्का म्हणाल्या. मग भाऊंना जवळ ओढून त्यांच्या कानात कुजबुजल्या, “कात्री आण. आणि एक चादर. मोठी!”