सामंतांचा एक टक्का

आमचे शेजारी सामंत 'शंभर टक्के' म्हणत नाहीत. रविवारी जेवायला येताय ना, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नव्व्याण्णव टक्के येतो, वहिनी." आणि येतात. चांगली पाच मिनिटं आधी येऊन दारासमोर घड्याळ बघत उभे राहतात.

सिंगापूरमधल्या हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही एकाच मजल्यावर राहतो. सामंत एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट आहेत, त्यामुळे मला आधी वाटायचं की हा धंद्याचा गुण असेल. पण त्याला काही सुमार? मार्केटातली मासेवाली आंटी बिचारी सांगते, "हंड्रेड पर्सेंट फ्रेश, लाह," की हे तिथून चालू पडतात. का, तर "शंभर टक्के म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, वहिनी." माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी धीर द्यायला आले आणि म्हणाले, "नव्व्याण्णव टक्के सुखरूप येतील." नवरा उठून बाहेरच गेला. एकदा माझी पुरणपोळी खाऊन म्हणाले, "नव्व्याण्णव टक्के जमलीय." तीन दिवस मी त्या एका टक्क्याच्या मागे होते. जायफळ कमी पडलं की कणीक घट्ट झाली, देव जाणे.

सामंत एकटेच असतात. त्यांची बायको मृणाल नऊ वर्षांपूर्वी रीतसर घटस्फोट घेऊन वेगळी झाली. ती आणि मुलगी सई मरीन परेडला राहतात. सई वडिलांकडे फारशी येत नाही. भांडण वगैरे काही नाही. आधी शाळा, मग युनिव्हर्सिटी, मग मैत्रिणी. दिवाळीला तिचा मेसेज येतो, 'हॅपी दिवाली पा'. हे त्याला दहा ओळींचं उत्तर लिहितात. तिकडून एक अंगठा येतो.

मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मृणालने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुमच्या शेजाऱ्यांना जरा समजावा हो. शिकणाऱ्या मुलांमागे इथे टॅक्समध्ये सवलत मिळते ना? वेगळे झालेल्या आईबापांनी ती आपसात ठरवून वाटून घ्यायची. मी म्हटलं, सई माझ्याकडे असते, सगळी मी घेते. तर म्हणाला, नव्व्याण्णव टक्के तू घे, एक टक्का मी सोडणार नाही. अहो, त्यात त्याचे पाच डॉलरसुद्धा वाचत नसतील. बरं, ठरलेला आकडा दरवर्षी फॉर्मवर आपोआप येतो, तरी एप्रिल आला की याचा फोन. 'नव्व्याण्णव तुझे, एक माझा, बरोबर?'"

मी पोट धरून हसले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "चमडी जाईल पण दमडी सुटायची नाही, असला माणूस आहे हा." लपवत नाही, आणखी चारचौघींनाही मीठमसाला लावून सांगितलं.

या एप्रिलमध्ये सामंतांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी डोळ्यांवर काळा चष्मा आणि काखेत लॅपटॉप, अशा अवतारात दारात हजर. "वहिनी, टॅक्सच्या फॉर्मची मुदत संपत आलीय. अक्षर दिसत नाही. जरा वाचून दाखवाल?"

मी चहा ठेवला आणि बसले. पगार वगैरे सगळं आधीच भरलेलं होतं. शेवटी मुलांचं पान आलं. सवलतीतला वाटा, एक टक्का.

"आहे. पाठवू?" मी विचारलं.

"थांबा. नाव बरोबर आहे का बघा."

"सई विद्याधर सामंत."

"स्पेलिंग?"

मी एकेक अक्षर वाचलं. नाव कॉम्प्युटरनेच टाकलेलं, ते चुकणार कसं? तरी म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा. सगळं नाव."

मी वाचलं. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला. "अहो सामंत, पाच डॉलरसाठी एवढा खटाटोप? देऊन टाका की मृणालला पूर्ण."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "पूर्ण दिलं की सईचं नाव माझ्या फॉर्मवरून जातं, वहिनी. आता ती सगळीकडे सई देवधर लिहिते, आईचं आडनाव. लिहू दे, माझी तक्रार नाही. पण इथे जन्मदाखल्यावरचं नाव येतं. मधे माझं नाव असतं." मग म्हणाले, "आणि तो टक्का ठेवला की मृणालला फोन करता येतो. फोन केला की विचारता येतं, सई कशी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना ज्यांना सांगून हसवलं होतं, त्या एकेकजणी आठवल्या.

"पुढच्या वर्षीही मीच वाचून दाखवेन," मी कसंबसं म्हटलं.

"पुढच्या वर्षी नाही. सई जानेवारीत नोकरीला लागली. शिक्षण संपलं की सवलत संपते. हा मागच्या वर्षाचा हिशेब, म्हणून नाव आहे. हे शेवटचंच." त्यांनी चष्मा काढून डोळ्यांना थेंब घातले. ऑपरेशनचेच असतील. "पाठवा," म्हणाले.

मी पाठवला. फॉर्म मिळाल्याची ओळ स्क्रीनवर आली आणि सईचं पान गेलं. त्यांनी लॅपटॉप काखेत मारला. मी म्हटलं, "उद्या जेवायला या. पुरणपोळी करते."

दारात वाकून, हाताने चपला चाचपडत ते म्हणाले, "येतो, वहिनी. शंभर टक्के येतो."