लवकर उठणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारा कोणी नाही! (बायकोला विचारायला जाऊ नका.) त्यामुळे सासऱ्यांचा कॉम्प्युटर चालू व्हायला केवढा वेळ घेतो ते पाहिलं, आणि माझ्यातला तज्ज्ञ खडबडून जागा झाला.

सासरे निवृत्त सर्व्हेअर. रोज सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबून ते खुर्चीत रेलायचे. शेजारी सासूबाई भाजी निवडत बसायच्या. भाजी संपत आली की पडदा उजळायचा आणि सासरे बुद्धिबळात बुडायचे. एकदा बुडाले की बुडाले! घराला आग लागली तरी "वजीर वाचवतो आणि येतो" म्हणणारा माणूस!

मी आत डोकावलो. अबब! बटण दाबताच डझनावारी प्रोग्रॅम आपणहून उठून धक्काबुक्की करत होते. एक हवामान सांगणारा, एक केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरची वाट बघणारा, शिवाय एकमेकांवर गुरगुरणारे दोन अँटीव्हायरस! मी स्टार्टअपच्या यादीत जाऊन एकेकाला बंद केलं.

"बाबा, आता दाबा बटण!"

सासूबाईंची एक शेंग सोलून होते न होते तोच पडदा हजर!

"वा, जावईबापू!" सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. सासूबाई भाजीचं ताट उचलून आत गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी गेलो, तर सासूबाईंनी चहा असा आदळला की कपापेक्षा बशीलाच जास्त मिळाला.

"आईंचं काय बिनसलंय?" मी बायकोला विचारलं.

"तूच विचार. त्या कॉम्प्युटरपासून अशीच आहे."

म्हणजे त्यांच्या आवडीचं काहीतरी माझ्या हातून बंद पडलं असणार! सासरे अंघोळीला गेले होते. मी स्वयंपाकघरात शिरलो. "आई, तुमचा फोटोंचा प्रोग्रॅम गेला का? का रेडिओचा?"

"मला काय करायचंय त्या डबड्यातल्या प्रोग्रॅमचं? ते डबडं उठेपर्यंत हे माझे असायचे. काय बोलायचं ते तेवढ्यात बोलून घ्यायचे मी. आता बटण दाबलं की गेले!" मग त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणतात, डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल. मला फार भीती वाटते. यांना सांगायचंय, पण सांगू कधी?"

"मी सांगू का?"

"नको. माझं मी सांगेन."

मला फार वाईट वाटलं. कसली पाठ आणि कसली थाप! निमूटपणे जाऊन सगळे प्रोग्रॅम पुन्हा चालू केले. वर माझ्याकडचे दोन-चार चांगले जडसे त्यात भरले.

सासरे आले, बटण दाबून खुर्चीत रेलले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. मी दाराशी पेपर तोंडापुढे धरला.

"अहो, माझ्या डोळ्याचं..." त्यांनी सुरुवात केली. अडखळत सांगू लागल्या. ऑपरेशनपाशी आल्या आणि रडूच फुटलं. नेमका तेव्हाच पडदा उजळला! इतके प्रोग्रॅम घालूनही कमी पडले होते!

सासऱ्यांचा हात पुढे गेला. सासूबाई डोळे पुसून उठायला लागल्या.

सासऱ्यांनी कॉम्प्युटर बंद केला. जरा थांबून बटण पुन्हा दाबलं आणि खुर्चीत रेलले.

"बस गं. बोल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून चांगलेच डाफरले, "काय दुरुस्त केलंत हो जावईबापू? फार लवकर उठतो हा!"