सनईचा आणि बारा कारकुनांचा पडताळा

श्री. ज्या एका आकाशास दिवसही होतो आणि रात्रही होते, आणि तरी जे आकाश तेच राहते, त्यास प्रथम नमस्कार. मग लिहिणे ऐसे की, शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सर, कार्तिक मासी आमच्या राज्यात सनईचा मोठा पडताळा जाहला, तो पाहणारांच्या तोंडून ऐकिला तैसा येथे मांडिला आहे.

राज्याचा किल्ला डोंगरावर, किल्ल्यास एक थोर दरवाजा, दरवाजावर नगारखाना, आणि त्याच्या खालीच दप्तर, तेथे बारा असामी बैसोन पत्रांच्या नकला करीत. वर सुभानजी घडशी सनई वाजवीत, त्यांचे वडीलही तेथेच वाजवीत, आणि आजेही. तेव्हा ऐसे जाहले की शेजारच्या राजास पत्र गेले, त्यात मागणे होते की आमच्या हत्तींकरिता ऊस सात गाडे पाठवावा, आणि नकल करिताना मधले शब्द गळाले आणि मागणे उरले हत्ती सात. शेजारचे राजे दिलदार, त्यांनी सात हत्ती पाठविले. मग ते हत्ती गड चढोन आले आणि तीन दिवसांत किल्ल्यावरील केळी संपल्या आणि मग राणीसाहेबांच्या परसातील कर्दळीही संपल्या. तेव्हा चिटणीस रंगोपंत, जे दप्तराचे मुख्य आणि बारांतले एक, त्यांनी सदरेस येऊन अर्ज केला की, "महाराज, दोष सनईचा. वर सूर लागला की खाली बोरू डोलतो. दिवसा सनई बंद व्हावी आणि सुभानजींनी गडाखाली बिऱ्हाड करावे." सुभानजी हात जोडोन उभे होते, ते बोलिले, "पंत म्हणतात ते खरे असेल तर मी उतरेन. आमच्या तीन पिढ्या त्या दरवाजावर गेल्या, तरी उतरेन. परंतु खरे आहे की नाही, येवढे आधी पाहावे." महाराजांस हे मानवले. आज्ञा जाहली की पौर्णिमेपावेतो पाहावे आणि मग निकाल करावा.

मग रंगोपंतांनीच पडताळा मांडिला. सहा असामी दूरच्या कोठारात बैसविले, जेथे सनई पोहोचत नाही, आणि सहा नगारखान्याखाली, आणि सर्वांस एकच उतारा दिला. कोठारात चुका नऊ निघाल्या आणि नगारखान्याखाली एकतीस. पंत संतोषले. तेव्हा राजज्योतिष्यांची कन्या चिमाक्का सदरेस होती. वडिलांची दृष्टी मंदावल्यापासून घंगाळात घटिकापात्र सोडोन राज्याची वेळ तीच राखीत असे, आणि फार बोलत नसे. तिने हळूच पुसिले, "पंत, कोठारात कोण बैसले होते?" पंत म्हणाले, "मुरलेले लोक. वीस-वीस वर्षे बोरू धरलेले." "आणि दरवाजाखाली?" "दसऱ्यास नवे ठेविले ते." चिमाक्का बोलिली, "मग आपण सनई मोजली नाही, वीस वर्षे मोजली." सदरेत हशा पिकला. महाराजांनी पुसिले, "तर मग करावे कैसे?" ती म्हणाली, "ज्याचा त्याच्याशीच ताळा पाहावा, महाराज. तोच माणूस एकदा सनईत लिहील आणि एकदा शांततेत. मग तो हुशार असो की मठ्ठ, दोहींकडे तोच राहील." पंत बोलिले, "हे तर आणिक सोपे," आणि दुसरे दिवशी बाराही असामी दप्तरातच बैसविले, सकाळी सनई बंद ठेविली आणि भोजनोत्तर चालू केली. त्या दिवशी मुदपाकखान्यात पुरणपोळ्या होत्या. दुपारच्या कागदांवर सर्वांच्याच चुका वाढल्या, आणि एका असामीने तर अर्ध्या ओळीवर मान टाकिली. पंतांनी कागद महाराजांपुढे ठेविले, आणि सुभानजींनी सनईस फडके गुंडाळिले. तेव्हा चिमाक्का म्हणाली, "आजोबा, फडके सोडा. सनईची पाळी दुसरी आली, आणि दुसरी पाळी येईतो पोट भरले होते आणि बोटे थकली होती." महाराज म्हणाले, "म्हणजे दोष सनईचा की पोळीचा, हे कळले नाही." ती म्हणाली, "नाही कळले. सहा असामींस आधी सनई द्यावी आणि मग शांतता, आणि सहांस उलटे. म्हणजे दुसरेपणाचा भार दोहींवर सारखा पडेल."

मग तैसे ठरले, आणि उतारे दोन केले, सारख्या लांबीचे आणि सारखेच कंटाळवाणे, कारण एकच उतारा पुन्हा दिला तर हातास पाठ होतो, आणि तेही निम्म्यास अदलाबदल करून दिले. पोळी बंद केली. पहिल्या दिवशी सकाळी पहिले सहा बैसले, त्यांत स्वतः रंगोपंत. घटिकापात्र बुडेतो सुभानजींनी वाजविले, आणि मग थांबले, आणि दुसरे पात्र सोडिले आणि शांतता जाहली. शांतता जाहली खरी, परंतु पात्र अर्धे भरले नाही तो एक असामी नाकातल्या नाकात तोच सूर घोळू लागला, आणि शेजारच्याने त्यास ताल धरिला. चिमाक्काने वाकोन ऐकिले आणि पात्र पाण्यातून उचलोन घेतले. "पंत, ही शांतता नव्हे." पंत रागावोन बोलिले, "कोण तो गुणगुणतो? पुढे या." कोणी पुढे आला नाही. मग शेवटी पलीकडे बैसलेले तिमाजी, जे फार भिडस्त, ते म्हणाले, "पंत, आपणच." तेव्हा दप्तरात ऐसा हशा जाहला की वर नगाऱ्यावरचे पारवे उडाले, आणि पंतांनी दौत उगाच इकडची तिकडे ठेविली. चिमाक्का हसली नाही, परंतु तिने नोंद केली की सनई थांबली तरी कानातून लवकर उतरत नाही, याकरिता दोहींमध्ये दोन दिवस मोकळे सोडावे आणि आजचे कागद रद्द समजावे. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. सुभानजींच्या सुनेने भांडी बांधोन ठेविली होती, तीही सोडिली नाहीत.

मग शेवटचा पडताळा जाहला. तीच बैठक, तीच सकाळची वेळ, तोच बोरू आणि तीच शाई, सहांस आधी सनई आणि सहांस आधी शांतता, मध्ये दोन दिवस मोकळे, त्या दोन दिवसांत नगारखानाही मुका. चुका मोजणारास कोणता कागद कोणत्या वेळचा हे सांगितले नाही. पौर्णिमेस सदर भरली आणि चिमाक्काने प्रत्येकाचे दोन कागद एका दोऱ्यात बांधोन बारा जोड्या मांडिल्या. दहा जोड्यांत भेद एका-दोन चुकांचा, कधी इकडे कधी तिकडे. अकरावी जोडी तिमाजींची. शांततेत चुका दोन आणि सनईत अकरा. तिमाजी उठोन म्हणाले, "महाराज, हत्तींचे पत्र मीच लिहिले. सूर लागला की मला अक्षर दिसत नाही, सूरच दिसतो. भयाने बोललो नाही." महाराज म्हणाले, "तुम्हांमुळे आम्ही सात हत्तींचे यजमान जाहलो, बैसा." आणि मग बारावी जोडी उघडिली, ती रंगोपंतांची. सनईत चुका चार, शांततेत नऊ. पंतांनी दोन्ही कागद हाती घेऊन उजेडाकडे धरिले आणि चुका पुन्हा मोजिल्या. मग बोलिले, "खरे आहे. वाजत नसली म्हणजे माझे लक्ष तिकडेच, आता केव्हा वाजेल म्हणोन." सुभानजींनी मान खाली घातली, ती डोळे पुसावे म्हणोन. महाराजांनी चिमाक्कास पुसिले की सर्व जगास हेच लागू की काय. ती म्हणाली, "बारा असामींवरून जगाचे सांगवत नाही, महाराज. या दप्तराचे सांगते. सनईने दप्तर बिघडत नाही. एक असामी बिघडतो, त्यास खोली दूर द्यावी."

मग आज्ञा जाहली ती येणेप्रमाणे की, सुभानजींनी पिढीजाद जागी वाजवावे. तिमाजींस पीलखान्यापलीकडे, हत्तींच्या ठाणामागे, निवांत खोली द्यावी. आणि शेजारच्या राजास हत्ती मानाने परत करावे आणि ऊस पुन्हा मागावा. ते पत्र तिमाजींनी नव्या खोलीत लिहिले आणि त्यात एकही चूक निघाली नाही, आणि ऊस मागण्याची ओळ त्यांनी दोनदा वाचोन पाहिली. हत्ती दरवाजातून उतरले तेव्हा वर सनई लागली होती, आणि खाली रंगोपंत लिहीत होते आणि त्यांचा पाय हालत होता. पंधरा दिवसांनी ऊस आला, बरोबर सात गाडे. पाच आमच्या हत्तींनी खाल्ले आणि दोन कारकुनांनी.

तात्पर्य इतुकेच की, माणसास दुसऱ्या माणसाशी न ताडता त्याचे त्याच्याशीच ताडावे, आधी काय आणि मागोन काय हे उलटून पाहावे, आणि मध्ये दोन दिवस सोडावे. सुभानजींच्या सुनेने भांडी सोडिली, ती पौर्णिमेच्याच संध्याकाळी. इति सनईचा पडताळा समाप्त.