बारा नंबरची हजेरी

"पदवीधर म्हणजे आपण ज्ञानाच्या सागरात सोडलेलं जहाज. ते कुठल्या किनाऱ्याला लागलं हे पाहणं विद्यापीठाचं परमकर्तव्य आहे," कुलगुरू म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले.

"बुडालेलं कुठल्या रकान्यात लिहायचं, साहेब?" पाहणी कक्षाच्या कारकुनाने विचारले.

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याला उत्तर मिळाले नाही. ठरले ते असे: प्रत्येक विभागाने आपली पंचवीस वर्षांपूर्वीची तुकडी सध्या काय करते ते कळवायचे. निम्म्यांचा तरी पत्ता लागला पाहिजे. नाही लागला, तर विभाग बंद.

तत्त्वज्ञान विभाग म्हणजे एक खोली. लांब टेबल, एक मोठी खिडकी आणि इतर विभागांनी मोडून इथे आणून टाकलेल्या खुर्च्या. विभागप्रमुख बाई याच खोलीत शिकल्या आणि याच खोलीत शिकवू लागल्या. दुसरीकडे कुठे बसून विचार करायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी तुकडीतल्या सगळ्यांना ईमेल पाठवले. उत्तर एकाचेच आले. "आपण सध्या नोकरी करता का?" या प्रश्नावर त्याने 'सध्या' म्हणजे काय याचीच पानेच्या पाने चर्चा केली होती. नोकरीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

बाईंनी शेवटी आपल्या जुन्या सरांना बोलावले. ती तुकडी सरांच्या हाताखालून गेलेली.

"फोन लावून दे," सर खुर्ची चाचपून बसत म्हणाले. "उत्तर न देऊन सांगतात कुणाला."

सरांना नावे लक्षात राहत नसत, रोल नंबर राहत. निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली, तरी रस्त्यात कुणी वाकून नमस्कार केला की सर आशीर्वाद देत आणि म्हणत, "एकोणीस ना रे?" बहुधा तो एकोणीसच असे.

दोन दिवस सर फोन करत होते आणि बाई लिहून घेत होत्या. कुणी बँकेत होता, कुणी बेकरी चालवत होता, एक जण तर न्यायाधीश झाला होता. तोही "हजर, सर" म्हणताना सुनावणी थांबवून उभा राहिला. निम्म्याला दोन कमी पडत होते आणि एकाच माणसाचा फोन लावायचा राहिला होता.

"रोल नंबर सात," सर म्हणाले.

पलीकडे काहीतरी धाडकन पडले. "हजर, सर."

"उभा आहेस का?"

"उभाच आहे, सर. शिडीवर आहे. रंगाचं दुकान आहे माझं."

"शिकलेल्याचा उपयोग होतो का काही?"

"होतो की. दोन पांढऱ्यांमधला फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागतो."

बाईंनी आकडेमोड केली. शिडीवरचा माणूस धरूनही एक कमीच होता. त्यांनी हताश होऊन पेन खाली ठेवले. सर मात्र हजेरीच्या लयीत होते.

"रोल नंबर बारा."

"हजर, सर," त्याच फोनमधून जरा घोगरा आवाज आला.

त्याचे असे होते की, बारा नंबर दिवसा कुठेतरी नोकरी करायचा आणि फक्त परीक्षेला उगवायचा. त्याची हजेरी रोज सात नंबर लावायचा. पंचवीस वर्षांनी डोके सावध होण्याआधीच जिभेने आपले काम केले.

"काय करतोस रे, बारा?"

"मी... विमान, सर."

"विमानाचं काय?"

"चालवतो."

"मग सातच्या दुकानात काय करतोयस?"

"रंग घ्यायला आलोय."

"विमानाला?"

"घराला, सर."

सरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. बाई नीतिशास्त्र शिकवत. त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले, मग पेन उचलले आणि 'वैमानिक' असे लिहिले.

तो शब्द कुलगुरूंनी वाचला. अभियांत्रिकी विभागालासुद्धा वैमानिक देता आला नव्हता. त्यांनी फर्मान काढले: शुक्रवारी मोठी सभा, सरांच्या हस्ते त्या तुकडीची जाहीर हजेरी आणि वैमानिकाचे भाषण.

बाईंनी दुकानात फोन केला. "अहो, वैमानिक पाहिजे."

"बाई, माझं रंगाचं दुकान आहे हो."

"उडवलंत तुम्ही. आता उतरवायचंही तुम्हीच."

सात नंबरचा मेव्हणा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्याचा गणवेश सातला जवळजवळ बसला. खांद्यांवर सोनेरी झालर वैमानिकाच्या मानाने थोडी जास्त होती, पण पहिल्या रांगेत बसवल्यावर तो कुणापेक्षाही जास्त विमानातला वाटत होता.

"कुठल्या कंपनीत?" कुलगुरूंनी वाकून विचारले.

"मोठ्या," सात म्हणाला.

सरांनी हजेरी सुरू केली. पन्नाशीकडे झुकलेली माणसे एकेक करून उभी राहत होती, पोट आत घेत होती आणि बसताना शेजाऱ्याला कोपर मारत होती. सातचा पुकारा झाला तेव्हा गणवेश गप्प राहिला. स्वतःच गैरहजर राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"रोल नंबर बारा."

"हजर, सर."

आवाज दोन आले. एक गणवेशातून आणि दुसरा भिंतीपाशी फायली घेऊन उभ्या असलेल्या पाहणी कक्षाच्या कारकुनाकडून. कारकुनाने लगेच तोंडावर हात ठेवला, पण हजेरी लागून गेली होती.

"तू बारा?" सरांनी विचारले.

"हो, सर. तेव्हापासून इथंच आहे, खालच्या मजल्यावर. वर्गात यायला सुट्टी मिळायची नाही. पण खिडकी उघडी असली की तुमचा आवाज खाली यायचा."

"मग हे कोण?" कुलगुरूंनी गणवेशाकडे बोट केले.

बाई उठल्या. "हे सात नंबर. रंगाचं दुकान आहे. वैमानिक कुणीच नाही, साहेब. मला माहीत होतं, तरी मी लिहिलं."

कुलगुरूंचा चेहरा उतरला. "म्हणजे निम्मे भरतच नाहीत. विभाग..."

"भरतात, साहेब," कारकून म्हणाला. "एक वैमानिक वजा, एक कारकून अधिक."

"मग इतके दिवस स्वतःचं का नाही कळवलंत?"

"विचारणारा मीच, मला कोण विचारणार? आणि आमचं जहाज काही सुटलंच नाही, साहेब. धक्क्यालाच राहिलं. त्याला रकाना नव्हता."

सभेत कुणीतरी नाक ओढले. कुलगुरूंनी पाण्याचा घोट घेतला आणि विभाग चालू राहील असे पुटपुटले.

"आणि सात," सर म्हणाले, "तुझा आवाज मला तेव्हाही ओळखू यायचा. मित्राचं ओझं रोज उचलणाऱ्याला गप्प कसं बसवायचं, ते मला कधी कळलं नाही." मग ते तुकडीकडे वळले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "त्या वर्षी शेवटचं प्रकरण शिकवायचं राहून गेलं होतं. उद्या सकाळी आठला, त्याच खोलीत. हजेरी घेईन."

सगळ्यांनी भरल्या डोळ्यांनी माना हलवल्या. बाई मोडक्या खुर्च्यांतल्या धडक्या निवडायला धावल्या.

बाहेर जिन्यात सात आणि बारा बराच वेळ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नुसते उभे होते. सोनेरी झालर कारकुनाच्या शर्टच्या बटणात अडकली होती, ती कुणीच सोडवली नाही. सातने शेवटी डोळे पुसले, मागे सर नाहीत ना हे बघून घेतले आणि हळूच म्हणाला,

"बारा, उद्या आठला माझा रंगाचा माल यायचाय रे. माझी तेवढी हजेरी लाव."